एकमताची खोली

माझा भाऊ शिवदास इंग्लंडला गेला तो घरं शिकायला. म्हणजे गरिबांना शहरात घरं कशी मिळावीत, हा त्याचा विषय. सरकारी स्कॉलरशिपचं पक्कं झालं तेव्हा घाटकोपरच्या आमच्या पालिका चाळीत पेढे वाटले, विहारात वंदना झाल्यावर बाबांनी उभं राहून भाषण केलं, आणि आईने नळावर सगळ्या बायकांना सांगितलं की पोरगा परत आला की आम्हाला घर. विषयच घर म्हटल्यावर दुसरं काय मिळणार? आई शाळेची पायरी चढलेली नव्हती म्हणून तिला असं वाटलं, असं म्हणायची सोय नाही. मी बारावी होऊन बालवाडीत शिकवत होते आणि मलाही तसंच वाटत होतं.

चौऱ्याऐंशी साली दादा परत आला. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्यावर काळा जाडजूड ओव्हरकोट. आई म्हणाली, "एकदा घालून दाखव की."

"आई, किती उकडतंय."

"मग घाल, चाळीत एक चक्कर मार आणि काढून टाक."

तो हसला, पण कोट काही घातला नाही. आईने तो घडी करून खुंटीला टांगला आणि येईल त्याला बोट लावून बघायला दिला. आठवडा गेला नाही तोच जेवताना दादाने सांगितलं की तो इतक्यात नोकरी बघणार नाही. काही मित्र मिळून एकत्र राहणार होते. कुणी अजून शिकत होते, कुणी नुकतेच पास झालेले. हाताने स्वयंपाक करायचा, स्वतःचं पाणी स्वतः भरायचं, वस्तीतल्या पोरांना शिकवायचं, आणि गरजेपेक्षा जास्त जवळ काही ठेवायचं नाही. निवास, असं त्यांनी त्याला नाव दिलं होतं.

आईचा घास हातातच राहिला. "म्हणजे आपण राहतो तसंच की रे."

"हो," दादा म्हणाला. "पण ठरवून."

हे 'ठरवून' मला तेव्हाच बोचलं. आमच्याकडे एक साडी वाळत असली की दुसरी अंगावर, इतका साधेपणा होता. तो कुणी ठरवला नव्हता, तसा नशिबी आला होता. त्यातून बाहेर पडावं म्हणून ज्याला समुद्रापार पाठवला, तो तिथून तोच साधेपणा बांधून घेऊन आला.

आता बाबांबद्दल सांगते. बाबांचं नाव भीमराज शिरसाट. पालिकेच्या सफाई खात्यात झाडूवर लागले आणि मुकादम म्हणून निवृत्त व्हायचे होते. आमची चाळीतली खोली नोकरीबरोबरची. नोकरी आहे तोवर खोली, आणि पुढे वारस झाडूवर लागला तर त्याची. मुलगा नाही लागला तर मुलगी चालते, असा नियम. बाबांनी हा नियम आम्हाला लहानपणीच सांगून टाकला होता आणि वर एक वाक्य जोडलं होतं, "या घरातला शेवटचा झाडू माझा." दादाचं अक्षर चांगलं आलं, मी पहिली आले, काहीही बरं घडलं की हे वाक्य ठरलेलं. मला ते पाठ होतं आणि आवडायचंही.

चाळीच्या पंचायतीचे बाबा अध्यक्ष. सभा म्हणजे त्यांचा जीव. गावात जन्मभर दुसऱ्यांनी ठरवलेलं ऐकलं, इथे आपण हात वर करतो आणि ठरतं, असं ते म्हणायचे. हात वर करा, बोला, ठराव झाला की तोंड मिटा. एकदा चाळीत नवा नळ कुठे बसवायचा यावर सभा होती. एक जागा नेमकी आमच्या दाराशी होती. बाबा उठून सभेबाहेर जाऊन बसले. आपल्या घरच्या विषयाला आपण हात वर करायचा नसतो, म्हणाले. एका हाताच्या फरकाने आमच्या दाराचा प्रस्ताव पडला, नळ पार पलीकडच्या टोकाला गेला, आणि आई पुढची सगळी वर्षं तिथून पाणी वाहत राहिली. बाबांना मात्र त्या सभेचा केवढा अभिमान! दादा तेव्हा लहान होता. तो बाबांचा हात धरून बाहेर बसला होता.

चाळीत यायच्या आधी आम्ही टेकडीवरच्या वस्तीत राहायचो. तिथली खोली बाबांनी रविवारी रविवारी विटा डोक्यावरून वर नेऊन स्वतः बांधलेली. निम्म्या भिंती विटांच्या, वर पत्रा. चाळीत आल्यावर तिला कुलूप लावून ठेवलं होतं, म्हातारपणची सोय म्हणून. दादाने निवासासाठी तीच मागितली. बाबांनी किल्ली तर दिलीच, उद्घाटनाला भाषणही ठोकलं. वस्तीतले सगळे जमले होते. बाबा म्हणाले, "ही खोली आजपासून निवासाची. तिचं काय करायचं ते निवासाची सभा ठरवील. माझा शब्द आहे." टाळ्या पडल्या. आईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. निवृत्तीला अजून अवकाश होता, तोवर दादा ताळ्यावर येईल असं आम्हाला वाटलं.

निवासात दादा धरून सात जण. त्यांतला पुढारी म्हणावा असा विद्याधर, मुलुंडच्या एका डॉक्टरांचा मुलगा. गोरा, किडकिडीत, आईला पहिल्या दिवसापासून "आई" म्हणणारा. दुसरा ओळखीचा चंद्रप्रकाश, बोरिवलीचा, फार बोलायचा नाही. पोरं वाईट होती असं मी म्हणणार नाही, वाईट असती तर बरं झालं असतं. पाण्याच्या रांगेत उभी राहायची, भाकऱ्या करपवायची, राखेने भांडी घासायची. दादाचा ओव्हरकोट सामाईक ट्रंकेत गेला आणि ज्याला ताप येईल त्याचं पांघरूण झाला. दर रविवारी सकाळी सातही जण नवेकोरे खराटे घेऊन गल्ली झाडायचे. याला ते श्रमदान म्हणायचे. एकदा कुणीतरी फोटो काढायला आलं होतं.

शेजारी मालवणकडच्या शेवंतीबाई. त्यांच्या नवऱ्याची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. त्यांनी एकदा मला दारातच गाठलं.

"गे मीरा, तुझो भाव विलायतेक जावन इलो मां? मगे राखेन भांडी कित्याक घासता? आमका साबण परवडना नाय म्हणान आमी राख घेतों. ह्येंका कसली हौस?"

मी काय सांगणार? "ठरवलंय त्यांनी," म्हटलं. शेवंतीबाईंनी कपाळावर हात मारला आणि आत गेल्या.

निवासात सगळं सभेत ठरायचं, आणि एकमतानेच. बहुमत म्हणजे जास्त लोकांनी कमी लोकांवर केलेली जबरदस्ती, असं विद्याधरचं म्हणणं. त्यामुळे सगळे हजर पाहिजेत आणि सगळ्यांचे हात वर पाहिजेत. एक जरी हात खाली राहिला तर ठराव नाही. डाळ कुठली आणायची हेसुद्धा कधी कधी दोन रविवार चालायचं. बाबांना हे फार आवडलं. "आमच्या पुढे गेली पोरं," ते म्हणायचे.

शहाऐंशी साल उजाडलं आणि बाबांच्या निवृत्तीचा कागद आला. खोली सोडायला थोडी मुदत मिळणार होती. फंडाचे पैसे येणार होते, पण त्यांत घाटकोपरात खोली सोडा, मोरीही मिळाली नसती. दादा अजून ठरवूनच राहत होता. आई म्हणाली, "टेकडीवर जाऊ. आपलीच तर आहे." मीही म्हटलं, पोरांना सांगू, आठ दिवसांत दुसरीकडे बघा. त्यांना काय, प्रत्येकाच्या बापाचं घर आहे.

बाबा म्हणाले, "सांगू कसं? विचारावं लागेल. खोली दिली तेव्हा चारचौघांत बोलून दिली."

तर एका रविवारी सकाळी आम्ही तिघं स्वतःचीच खोली मागायला टेकडी चढून गेलो. पोरं नुकतीच गल्ली झाडून आली होती. खराटे दाराशी ओळीने टेकवून ठेवलेले. आम्हाला दाराजवळच्या गोणपाटावर बसवलं. आईने ज्या कोपऱ्यात मला जन्म दिला, त्या कोपऱ्यात विद्याधर मांडी घालून बसला होता. दादाने विषय मांडला. "बाबा" म्हणाला नाही, "भीमराज शिरसाट यांची विनंती" म्हणाला. बाबा अंगठ्याने अंगठा चोळत ऐकत होते.

विद्याधर खूप हळू बोलला. त्याला अवघड जात होतं हे दिसत होतं. म्हणाला, आपण सुरुवातीलाच ठरवलंय की इथे कुणाचं कुटुंब आणायचं नाही. आणि गरज हाच निकष लावायचा तर या टेकडीवर प्रत्येकालाच गरज आहे. मग शिवदासच्या घरच्यांना आधी का? ते त्याचे आईवडील आहेत म्हणून? मग आपल्यात आणि बाहेरच्या जगात फरक काय राहिला?

मला खरं तर तेव्हाच ओरडायचं होतं. ही भिंत कुणी बांधली ते विचारायचं होतं. पण माझ्याआधी आई बोलली.

"पोरांनो, तुम्हाला जा म्हणत नाही मी. तुम्ही इकडं राहा, आम्ही तिकडं कोपऱ्यात राहू. भाकऱ्या मी करीन सगळ्यांच्या. तुमच्या करपतात."

चंद्रप्रकाश खाली बघत होता. मग विद्याधरने चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाला, "माझा विरोध मी मागे घेतो. आईबाबांना खोली द्यावी. आपण दुसरी जागा बघू." आणि त्याने हात वर केला. चंद्रप्रकाशने केला. मग एकेक करत बाकीचे. आईने पदर तोंडाला लावला. मला हसू आणि रडू एकदमच आलं. वाटलं, उगाच या पोरांना इतके दिवस नावं ठेवली.

आणि मग मला दिसलं की दादाचा हात मांडीवरच आहे.

"दादा, हात," मी म्हणाले.

"पाहुण्यांनी मधे बोलायचं नसतं," बाबांनी मला दटावलं. पण तेही दादाकडेच बघत होते.

विद्याधर म्हणाला, "शिवदास, कर ना यार वर. सगळ्यांचं झालंय."

"माझ्याच घरचा विषय आहे," दादा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्या घरच्या विषयाला मी हात वर कसा करू?"

"मग त्याला बाहेर पाठवा आणि बाकीच्यांचे हात मोजा!" मी उभीच राहिले. "बाबा, नळाच्या वेळी तुम्ही बाहेर गेला होतात की नाही?"

पण निवासात बाहेर जायची सोय नव्हती. सगळे हजर असल्याशिवाय ठरावच होत नव्हता. बाबांचा नियम चांगला होता, पोरांचाही चांगलाच होता. दोन्ही एकत्र आले आणि आमच्याच खोलीला आतून कडी बसली. कुणीतरी म्हणालं, एवढ्यापुरता नियम बदलू. दादाने मान हलवली. "आज माझ्या आईबापासाठी बदलायचा? मग उद्या तुमच्यासाठी का नाही?" मग तो बाबांकडे वळला. लहान असताना गणित अडलं की वळायचा तसाच. "बाबा, तुम्हीच सांगा. मी चुकतोय का?"

त्या वेळी बाबांनी "चुकतोयस" एवढं म्हटलं असतं तर दादाचा हात वर गेला असता. ही माझी खात्री आहे. तो वाटच बघत होता. आईने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबांनी तो हळूच बाजूला केला.

"बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले. "एकमत झालं नाही. ठराव पडला."

ते उठले, सगळ्यांना जयभीम केला आणि बाहेर पडले. आम्ही टेकडी उतरू लागलो. शेवंतीबाईंनी दारातून हाक मारली, पण कुणी थांबलं नाही. खाली रस्त्याला लागल्यावर आई म्हणाली, "तुमच्यावरच गेला." बाबांना त्याही दिवशी ते थोडं बरं वाटलं असावं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्यानंतर बाबा गावी जायचं बोलू लागले. ज्या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणून दुष्काळात निघाले, त्याच गावाच्या वेशीबाहेर चुलत्याची पडकी खोली होती. आई रात्रंदिवस भांडी बांधायची आणि पुन्हा सोडायची. दादा दोनदा येऊन गेला. मी काहीतरी बघतो, म्हणाला. काय बघणार होता कोण जाणे. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मग एका सकाळी मी बालवाडीत न जाता बाबांच्या खात्याच्या हजेरी चौकीवर गेले. तिथे सगळे मला लहानपणापासून ओळखत होते. शिरसाट मुकादमांची मुलगी डबा घेऊन आली असेल, असं त्यांना वाटलं. मी वारस म्हणून नाव घालायला आले म्हटल्यावर धोंडिरामकाका, बाबांच्या बरोबरीचे, खुर्चीतून उठले. "पोरी, बापाला विचारलंस का?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्या घरात विचारलं की सभा होते."

घरी येऊन सांगितलं. आई बांधलेली भांडी सोडून फळीवर मांडायला लागली. बाबा खूप वेळ भिंतीकडे तोंड करून बसले. मारतील असं वाटलं होतं, निदान बोलतील. शेवटी एवढंच म्हणाले, "पंचायतीला राजीनामा देतो." आणि दिला. त्यानंतर ते कुठल्याच सभेत बसले नाहीत. चाळीत सभा असली की दार लावून घेतात. मात्र रोज माझ्या आधी उठून माझ्या अंघोळीचं पाणी तापवतात. मी निघाले की पाठ फिरवतात, कारण हातात झाडू घेतलेली मी त्यांना बघवत नाही. 'शेवटचा झाडू माझा' हे वाक्य घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

मला झाडायला मिळालेला रस्ता बाबांचाच जुना. बालवाडीतली माझी पोरं शाळेत जाताना दिसायची. पहिल्या दिवशी त्यांनी "बाई! बाई!" म्हणून हाका मारल्या. पुढे त्यांच्या आयांनी त्यांना दुसऱ्या बाजूने न्यायला सुरुवात केली.

मधे विद्याधर एकदा येऊन गेला. निवासात श्रमप्रतिष्ठेवर बोलायला याल का, म्हणून. "तुम्ही जे केलंत, ते आम्ही नुसतं बोलतो," म्हणाला. मी म्हटलं, "रविवारीच सुट्टी असते रे बाबा मला. पाय दुखतात." तो खजील होऊन गेला. खरंच, वाईट नव्हता.

पुढल्या उन्हाळ्यात निवास संपला. भांडण वगैरे काही नाही. चंद्रप्रकाशला बँकेत लागलं, एकाचं लग्न ठरलं, एकाला कावीळ झाली आणि त्याच्या आईने घरी नेला तो आलाच नाही. विद्याधर अमेरिकेला शिकायला निघाला. तिथे थंडी फार म्हणून दादाने त्याला आपला ओव्हरकोट दिला. हे ऐकलं तेव्हा आई फक्त खुंटीकडे बघत राहिली.

शेवटची सभा झाली तेव्हा पुन्हा खोलीचा विषय निघाला. विद्याधर म्हणे म्हणाला, आता तरी तुझ्या घरच्यांना दे. दादा म्हणाला, त्यांच्याकडे खोली आहे आता. आणि खोटं काय होतं त्यात? मी झाडत होते तोवर होतीच. खोली वस्तीतल्या मुलांच्या बालवाडीला द्यावी असं ठरलं. या वेळी विषय घरचा नव्हता, म्हणून दादाने हात वर केला. पूर्ण एकमत झालं. वस्तीत टाळ्या पडल्या. थोड्याच दिवसांत तिथल्या एका गुंडाने बालवाडीचं सामान बाहेर फेकून स्वतःचं कुलूप ठोकलं, आणि पुढे ती भाड्याने लावली. शेवंतीबाई मुद्दाम खाली येऊन सांगून गेल्या.

त्यानंतर दादा आमच्याकडे राहायला आला. दुपार होती, मी नुकतीच कामावरून येऊन पाय धुवत होते. एका हातात तीच पत्र्याची ट्रंक, आणि काखेत सुतळीने बांधलेलं काहीतरी लांबलचक. बाबा दारात होते. ते बाजूला झाले आणि त्याला वाट दिली. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला. दादा खूप बारीक झाला होता. मला त्याची दया आली, आणि आली म्हणून माझाच राग आला.

त्याने ट्रंक कोपऱ्यात ठेवली. मग ते बांधलेलं माझ्यासमोर जमिनीवर ठेवून सुतळी सोडली. निवासाचे खराटे होते.

"सामान वाटलं ना आम्ही," तो म्हणाला. "बाकीच्यांना नको होते. मला वाटलं, तुला उपयोग होईल. चांगले आहेत. फक्त रविवारीच वापरायचो."

तो मनापासून बोलत होता. बाबा उठून बाहेर गेले. गॅलरीत कठड्याला धरून पाठमोरे उभे राहिले. मी खराटे एकेक उचलून बघितले. काड्या शाबूत होत्या, बांधणी घट्ट होती. चौकीवर मिळतात ते पंधरवड्यात झिजतात आणि नवा मागितला की मुकादम कुरकुरतो.

"ठेव तिकडे मोरीपाशी," मी म्हणाले. "उद्या यातलाच नेते."